चार वाट्या पाणी

हल्ली घरी येणारी मुलं मला बघून विचारतात, "हा पिंजरा कुणाचा?" मी रागावत नाही. त्यांच्या घरी फ्रिज असतो, त्यांना काय ठाऊक. पण एकदा स्पष्ट सांगून टाकतो. मी पिंजरा नाही, मी स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट. तीन बाजूंना बारीक तारेची जाळी, मागे फळी, आत तीन खण आणि खाली वीतभर उंचीचे चार पाय. पिंजरा जिवांना आत ठेवतो. मला केलं ते त्यांना बाहेर ठेवण्यासाठी.

मला एका सुताराने घडवलं, आणि तेही गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःच्या बायकोसाठी. सगळा मोहल्ला त्यांना मिस्त्री म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला मिस्त्रीणबाई. दुनियेची दारं-खिडक्या करणाऱ्या या माणसाच्या घरात साधी फळी धड नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली तरी बाई दुधाचं पातेलं परातभर पाण्यात ठेवायच्या, वर ताट, ताटावर बत्ता. एका सकाळी इतक्या बंदोबस्तातूनही दुधात झुरळ निघालं. बाईंनी आरडाओरडा केला नाही. पातेलं उचललं, मिस्त्रींसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आज चहा असाच घ्या."

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी माझी मापं घेतली. उरल्यासुरल्या लाकडातून माझा जन्म झाला. माझ्या एका बाजूची चौकट शाळेच्या बाकाची आहे, दुसरीची कुणाच्या तरी मोडक्या दाराची, आणि वरची फळी कुठून आली ते मिस्त्रींनाही आठवत नव्हतं. तरी अंगाला रंधा लागल्यावर मी असा काही उजळलो की बाईंनी जाता-येता माझ्यावरून हात फिरवायला सुरुवात केली. ती सवय त्यांना अजून आहे.

आमच्याकडची हवा तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर माझं महत्त्व कळायचं नाही. इथला उन्हाळा म्हणजे ओलं फडकं अंगावर टाकून बसल्यासारखा. वारा नाही, पाऊस नाही, नुसता घाम. माणूस अंघोळ करून बाहेर येतो आणि अंग पुसता पुसता पुन्हा ओला होतो. मिठाला पाणी सुटतं, साखरेचे गोळे होतात, काडेपेटीतल्या दहा काड्या ओढल्या की एक पेटते. माझं दार फुगून बसतं आणि उघडताना करकरतं.

माणसांना ही हवा सोसत नाही, किड्यांना मात्र ती फार मानवते. तांदळात किडे, केळ्यांवर चिलटं, कपड्यांत कसर, मोरीत झुरळं, आणि मुंग्या तर कुठेही. मुंग्यांची शिस्त बघून मला कौतुक वाटायचं. भिंतीवरून रांगेने यायच्या, माझ्या पायाशी थांबायच्या आणि तशाच रांगेने परत जायच्या. कारण माझे चारही पाय चार दगडी वाट्यांत उभे होते आणि वाट्यांत पाणी होतं. मुंगीला पोहता येत नाही, ही माझी सगळी संरक्षणव्यवस्था.

या वाट्या धुण्याची मिस्त्रींची एक पद्धत होती. त्यांनी माझ्यासाठी एक लाकडी पाचर करून ठेवली होती. दर रविवारी सकाळी बाई जमिनीवर बसायच्या, पाचर माझ्या तळाखाली एका पायाजवळ सारायच्या आणि हाताने ठोकायच्या. माझा पाय उचलला गेला की वाटी ओढून घ्यायच्या, पाणी ओतून द्यायच्या, राखेने खसाखसा घासायच्या, नवं पाणी भरून परत सरकवायच्या. मग दुसरा पाय. चौथ्या पायापर्यंत बाई घामाने निथळायच्या आणि मिस्त्री दारातून विचारायचे, "लंगडा नाही ना झाला तो?" मी लंगडा झालो नाही. मला गुदगुल्या व्हायच्या, एवढंच.

वर्षं गेली. माझ्या खणांत दूध, लोणी, पाव, मध असं सगळं सुखाने नांदलं. मिस्त्रींचा लेक माझ्या मधल्या खणातली साखर चोरून खात मोठा झाला आणि बस डेपोत हिशेबनीस झाला. अंगाने धिप्पाड, पण झुरळ दिसलं की आजही खुर्चीवर चढतो आणि तिथून आईला दिशा सांगतो. मिस्त्री एका पावसाळ्यात गेले. त्यानंतरचा रविवारही बाईंनी चुकवला नाही. पाचर ठोकताना त्यांचा हात जरा जास्त वेळ माझ्या पायावर राहिला, ते मला कळलं.

मग घरात सूनबाई आली. चष्म्याच्या दुकानात कामाला, बोलायला गोड, कामाला वाघ. तिने पहिल्या वर्षी फ्रिज आणला आणि माझ्यातलं दूध, लोणी त्या पांढऱ्या पेटाऱ्यात गेलं. मला राग आला, लपवत नाही. रात्रंदिवस घुं-घुं करणारा तो प्राणी घरच्यांना थोर वाटायचा. माझ्याकडे उरलं काय, तर साखर, मध, तेलाची बाटली, पाव आणि केळी.

बाईंचंही माझ्यासारखंच झालं. एकदा शेगडीजवळ उकाड्याने त्यांना भोवळ आली. सूनबाई धावत आली, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "आई, उद्यापासून स्वयंपाक मी करीन. तुम्ही बसा." मग कपडे यंत्रात जायला लागले. "आई, तुम्ही बसा." मग केर काढायला मोलकरीण ठेवली. "आई, तुम्ही बसा ना." प्रत्येक वेळी मायेने म्हणायची, खोटं बोलणार नाही. पण एकेका 'बसा'बरोबर बाईंच्या हातातलं एकेक काम जात होतं आणि खुर्ची तेवढी वाढत होती.

शेवटी बाईंकडे एकच काम राहिलं, माझ्या वाट्यांचं. सूनबाईने त्यालाही हात घातला तेव्हा बाई ताडकन म्हणाल्या, "मुंग्यांचं खातं माझ्याकडे आहे. त्यात कुणी पडायचं नाही."

"बरं बाई," सूनबाई हसून म्हणाली.

आता मला जे ठाऊक होतं आणि घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते सांगतो. बाईंचे गुडघे गेले होते. एका उन्हाळ्यात रविवारी, घरात कुणी नसताना, त्या पाचर घेऊन माझ्यापाशी आल्या. माझी कड धरून अर्ध्या वाकल्या आणि तिथेच थांबल्या. खाली जाता येईना, वर येता येईना. कशाबशा सरळ झाल्या, डोळे पुसले आणि पाचर माझ्या मागे टाकून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाकडून माळ्यावरची लांब चोचीची झारी काढून घेतली. तेव्हापासून त्या उभ्यानेच झारीची चोच माझ्या पायांकडे नेमकी वळवून पाणी घालायच्या. वाटी काठोकाठ भरलेली दिसायची. मुंग्या माझ्यावर चढत नव्हत्या. सूनबाई म्हणायची, "आईंचं काम म्हणजे काम." बाई मान फिरवायच्या.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते त्यांना चांगलं माहीत होतं. सूनबाई प्रेमाने म्हणाली असती, "आई, तुम्ही बसा," आणि मग बाईंकडे काहीच उरलं नसतं.

पाणी भरत होतं, पण ओतून कुणी देत नव्हतं. आठवडे गेले, महिने गेले. वाट्यांच्या आतून शेवाळाचा बुळबुळीत थर चढला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मला पायाशी वळवळ जाणवायला लागली. केसाएवढे बारीक जीव पाण्यात खालीवर करायचे. आधी मला गंमत वाटली. मग एका सकाळी त्यातला एक पाण्यावर उभा राहिला, त्याने पंख वाळवले आणि तो उडून गेला. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे होते. हे डास आहेत हे मला कळलं, पण सांगणार कसा? मी दार करकरवून बघितलं. लेकाने बिजागरीला तेल घातलं.

घरात डास वाढले आणि भांडण सुरू झालं खिडकीवरून. सूनबाई संध्याकाळी दुकानातून यायची ती घामाने चिंब. आल्या आल्या शेगडीवरची खिडकी सताड उघडायची. बाई लगेच उठून ती लावायच्या.

"आई, जीव घुसमटतो हो."

"घुसमटू दे. डास येतात."

"सगळीकडेच आहेत डास. शेजाऱ्यांच्या पिंपातून येत असतील."

"शेजारी काही आपली खिडकी उघडायला येत नाहीत."

दोघींचंही खोटं नव्हतं. खिडकी लावली तर उकडून जीव जायचा, उघडली तर डास आत यायचे, निदान सगळ्यांना तसं वाटायचं. लेकाने धूर केला, कॉइल लावल्या, अंगाला मलम फासलं, टाळ्या वाजवून वाजवून त्याचे हात लाल झाले. मी मात्र रोज बघायचो. डास खिडकीतून आत येत नव्हते. ते इथूनच निघत होते, माझ्या पायापासून.

आणि मग भिंगरीला ताप आला. भिंगरी म्हणजे बाईंची नात, तेव्हा वय वर्षं चार. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. दुपारी ती माझ्या शेजारी गार फरशीवर पालथी पडून चित्रं काढायची. तिच्या पोटऱ्यांवर लाल गांध्या उठायच्या. मला ते दिसत होतं. त्या दुपारी तिने खडू टाकला आणि म्हणाली, "आजी, माझे डोळे दुखतात." बाईंनी कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतका चटका बसला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डेंग्यू असल्याचं सांगून भिंगरीला दवाखान्यात ठेवून घेतलं. निघायच्या घाईत, पिशवी भरणाऱ्या सुनेला बाई बोलून गेल्या, "किती वेळा सांगितलं होतं खिडकी उघडी टाकू नकोस. आता भोगतंय लेकरू."

सूनबाईने खिडकी लावली, खिटी घातली आणि वर दोरीही बांधली. माझ्यातली केळी काढायला आली तेव्हा जाळीवर कपाळ टेकून रडली. आवाज येऊ न देता. तिला वाटत होतं, हे आपणच केलं. अंगणात शेजारणीशी बोलतानाही तिने तेच सांगितलं, "माझीच चूक. मला उकाडा सोसला नाही."

मला त्या वेळी माझी इतकी लाज वाटली, सांगता सोय नाही. लोक मला रक्षणकर्ता समजत होते.

पुढचे दोन दिवस घर तापलेल्या डब्यासारखं बंद होतं. भिंगरीच्या रक्तातल्या पेशी कमी होत होत्या. लेक दवाखान्यातून हलत नव्हता, सूनबाई डबा न्यायला तेवढी यायची आणि बंद खिडकीखाली, घाम न पुसता स्वयंपाक करायची. जणू उकाडा ही तिला झालेली शिक्षा होती. बाई खुर्चीत बसून तिच्याकडे बघायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई डबा घेऊन गेल्यावर आरोग्य खात्याची एक बाई आली. दवाखान्यातून पत्ता मिळाला म्हणाली. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. तिने पिंप बघितलं, कुंड्यांखालच्या बशा बघितल्या, फुटके डबे उपडे करून बघितले.

"काही नाही सापडत. मावशी, आत स्वयंपाकघरात पाणी साठवलंय कुठे?"

"आत काही नाही. आत सगळं स्वच्छ आहे," बाई दार अडवून म्हणाल्या. डासांचा विचार त्यांच्या मनात नव्हता. परक्या बाईने खाली वाकून न घासलेल्या वाट्या बघू नयेत, एवढंच होतं.

आरोग्यवाली वहीत लिहीत म्हणाली, "खिडक्या का सगळ्या बंद?"

"डास येतात म्हणून."

"हे डास बाहेरून येणारे नसतात मावशी, घरातलेच असतात. घाण पाणीही त्यांना लागत नाही. साचलेलं असलं की झालं, आठवडाभर न बदललेलं. वाटीभर पुरतं. आणि चावतात ते दिवसाच." असं म्हणून ती शेजारच्या घरी गेली.

बाई दारातच उभ्या राहिल्या. मग वळल्या. हळूहळू माझ्यासमोर आल्या. माझी कड धरली, एक गुडघा वाकवला, तोंडातून एक बारीक आवाज निघाला, पण थांबल्या नाहीत. दुसरा गुडघा टेकवला. हात टेकले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं तोंड माझ्या पायांच्या उंचीवर आलं. त्यांनी चष्मा नाकावर नीट केला आणि वाटीत बघितलं.

पाण्यात वळवळ चालूच होती.

किती वेळ त्या बघत होत्या मला सांगता येणार नाही. मग त्यांनी माझं दार उघडलं, खालच्या खणातली तेलाची बाटली काढली आणि चारही वाट्यांत तेल ओतलं. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला. थोड्या वेळाने वळवळ मंदावली आणि थांबली. बाटली जागेवर ठेवून त्यांनी दार लावलं.

आता कुणालाही काही कळलं नसतं. ती आरोग्यवाली बाई गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. चार दिवसांत डास आपोआप कमी झाले असते आणि सगळे म्हणाले असते, बघा, खिडकी बंद ठेवल्याचा गुण आला. त्यांचा मान राहिला असता, मुंग्यांचं खातंही राहिलं असतं. मी त्यांचा जुना माणूस. मनात म्हटलं, बाई, गप्प राहिलात तर मीही गप्पच आहे.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. मग माझ्या बाजूला पाठ टेकून त्या फरशीवर तशाच बसून राहिल्या. उकाड्याने पदर भिजला होता. तासाभराने दाराची कडी वाजली. सूनबाई आत आली आणि हातातला डबा तिथेच टाकून धावली.

"आई, पडलात का? कुठे लागलं? थांबा, मी उचलते."

पळवाट अशी समोर उघडून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"पडले नाही," बाई म्हणाल्या. "मुद्दाम बसलेय. भिंगरी कशी आहे?"

"ताप उतरलाय सकाळपासून. पेशी अजून वाढायच्यात. तुम्ही आधी उठा बघू."

"नको. तू खाली बस. वाट्यांत बघ."

सूनबाई काही न समजून खाली बसली, वाकली. तेलाच्या तवंगाखाली मेलेल्या अळ्यांचा खच होता.

"खिडकीतून नाही आले," बाई म्हणाल्या. "इथून आले. वर्षभर मी यातलं पाणी ओतलेलंच नाही. मला वाकता येत नाही. उभ्या उभ्या झारीने भरत होते आणि तुला बोल लावत होते. तुझी काही चूक नाही. जिला तिला सांगत फिरतेस ना, ते बंद कर. माझी चूक आहे."

सूनबाईचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही फाडफाड बोलेल. बोलायचा तिचा हक्कच होता. तीन दिवस तिने स्वतःला जाळलं होतं.

"आई," ती शेवटी म्हणाली, "एकदा सांगितलं असतं तर? एवढ्याशा गोष्टीसाठी माझी पोर…"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुम्ही बसा."

सूनबाईने सासूकडे बघितलं, मग त्या खुर्चीकडे बघितलं. मग तिने डोळे पुसले, उठून खिडकीची दोरी सोडली, खिटी काढली आणि खिडकी उघडली. वारा फारसा नव्हताच, पण जो होता तो आत आला. ती परत येऊन माझ्या पायाशी बसली.

"हे कपाट उचलायचं कसं? मला दाखवा."

"त्याच्या मागे पाचर पडली असेल. ती घे. हळू. अशी तिरकी सार. ठोक. अगं, हाताने ठोक, हातोडा काय मागतेस."

माझा पाय उचलला गेला. वर्षभराने कुणीतरी माझ्या पायाखालची वाटी काढली, घासली. सूनबाईचा हात नवखा होता, तिने मला दोनदा आपटलं. बाई जमिनीवर बसून सूचना देत होत्या आणि चुका काढत होत्या. सूनबाई ऐकत होती. मध्येच दोघींपैकी कोण रडत होतं ते मला वरून नीट दिसलं नाही.

भिंगरी आठवड्याने घरी आली. सुकून काटकी झाली होती, पण दारातूनच पळत आली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि मोठ्याने सगळं कबूल केलं. चार वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? तिने विचारलं, "मग आता तू मुंग्यांना पण पाणी देणार नाहीस का?" लेक खुर्चीवर न चढता हसला.

याला आता तीन वर्षं झाली. दर रविवारी सूनबाई खाली बसते, बाई शेजारी स्टुलावर बसतात. सूनबाई घासते, बाई बोट फिरवून तपासतात आणि एखादी वाटी पुन्हा घासायला लावतात. 'बसा' हा शब्द घरात आता जरा जपून वापरला जातो. "आई, हे कसं करायचं?" हे जास्त ऐकू येतं. मला ठाऊक आहे, त्यातलं अर्धंअधिक सूनबाईला आधीच येत असतं.

माझं वय झालं. मागच्या फळीला वाळवी लागलीय, एका बाजूची जाळी गंजून फाटलीय. लेकाने परवा माझ्या जागेची मापं घेतली, नव्या कपाटासाठी. मला त्याचं दुःख नाही. एक घर मी माझ्या परीने राखलं, एकदा चुकलो, तरी लोकांनी मला ठेवून घेतलं. याहून अधिक काय हवं?

जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगतो. उन्हाळा आला की घरातलं साचलेलं पाणी ओतून द्या, ते तर कुणीही सांगेल. पण तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला आता वाकता येत नाही आणि जे उभ्या उभ्या झारीने पाणी घालत असेल. ते आपण होऊन सांगणार नाही. त्याला बसा म्हणू नका. तुम्हीच जरा त्याच्याशेजारी खाली बसा.